शब्दचर्चा : ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ आणि किडनीचा कॅन्सर

सांगलीकर : किडनीच्या कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या बचावालाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांचं, माहितीपत्रक रुग्णांसाठी मराठीत करतोय. जुन्या मसुद्यात ‘इम्युनोथेरपी’ला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे उपचार’ म्हटलंय आणि त्यातल्या ‘चेकपॉइंट इनहिबिटर’ औषधांना ‘तपासनाका-रोधक’. दुसरा वाचला की डोळ्यांपुढे आरटीओच उभा राहतो. पहिला कानाला बरा लागतो. ठेवू का?

तिखटमीठ : पहिलाच जास्त घातक आहे हो. ‘शक्ती वाढवणारे’ असं वाचलं की घरचे गुळवेलीचा काढा आणि च्यवनप्राश घेऊन हजर. वर ‘शक्ती कमी होती म्हणून कॅन्सर झाला’ हे रुग्णाच्याच माथी. ‘प्रतिकारयंत्रणा’ लिहा. यंत्रणा चालते, अडते, बिघडते. ती नुसती कमी-जास्त होत नाही.

पांढरा कोट : तिखटमीठ यांना दुजोरा. मी पॅथॉलॉजीत आहे, काचपट्टीवर काय दिसतं ते सांगतो. या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार क्लिअर सेल, साधारण चार रुग्णांत तिघांना. गाठ कापली की आतून पिवळीधमक, मधेमधे रक्तस्रावाचे डाग. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात, कारण त्यांच्यातली चरबी आणि ग्लायकोजन पट्टी तयार करतानाच निघून जातं. पेशींच्या पुंजक्यांभोवती बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, आणि त्यांच्या आसपास पुष्कळदा गडद, गोल केंद्रकांचे लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दाटीवाटीने बसलेले. त्यांत टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराची लढाई लढणारे लिंफोसाइट, भरपूर.

म्हणजे पेशी कमी पडल्या म्हणावं, तर तसं नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशी गर्दी दिसली की आम्हाला बरं वाटतं. किडनीच्या या प्रकारात मात्र सीडी-८ (थेट मारा करणाऱ्या) टी-पेशी जितक्या जास्त, तितकं पुढचं चित्र बहुधा वाईट, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पेशी गाठीपर्यंत पोचतात, पण सतत चिथावल्या गेल्यामुळे निकामी होत जातात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ हा रेणू असतो, तो लगामासारखा. गाठीतून तो खेचला जातो आणि टी-पेशी जागीच थांबते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही चेकपॉइंट इनहिबिटर औषधं तो खेचू देत नाहीत. त्यांचं मुख्य काम एवढंच.

शब्दवेल्हाळ : मग ‘लगाम सोडवणारी औषधं’ का नको? तपासनाक्याला माझ्याकडून कायमची रजा. पण ‘वाढवणे’ एके काळी बरोबरच होतं ना? इंटरल्यूकिन-२ या जुन्या औषधाच्या दिवसांत?

पांढरा कोट : अगदी. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. त्यात टी-पेशींना खरोखरच वाढीचा रेटा दिला जायचा. मोठ्या मात्रेत रक्तवाहिन्या पाझरायच्या, बीपी कोसळायचं, आयसीयूसारखी देखरेख लागायची. गाठी पूर्ण नाहीशा झाल्या त्या मोजक्याच रुग्णांच्या, पण त्यांतले बरेच पुढे कित्येक वर्षं ठणठणीत राहिले. या आजारात प्रतिकारयंत्रणेचा हात आहे ही शंका त्याआधीपासूनची. रोगट किडनी काढल्यावर फुप्फुसातल्या गाठी आपोआप विरघळल्याची उदाहरणं आहेत. फार दुर्मीळ, शंभरात एकही नाही, पण नोंदलेली.

योगायोग बघा, जपानी शास्त्रज्ञ होन्जो यांच्या क्योतोतल्या प्रयोगशाळेतून पीडी-१ जगापुढे आलं तेही १९९२ मध्येच. त्यावर बेतलेलं निवोलुमॅब किडनीच्या कॅन्सरसाठी यायला २०१५ उजाडलं. २०१८ मध्ये इपिलिमुमॅबची जोड मिळाली. ते सीटीएलए-४ नावाचा दुसरा लगाम सोडवतं. त्याच वर्षी या दुसऱ्या लगामावर काम केलेले ॲलिसन आणि होन्जो यांना नोबेल.

सांगलीकर : ‘लगाम’ पक्का. आणि टी-पेशी निकामी होत जातात त्याला, ‘टी-सेल एक्झॉशन’ला, ‘टी-पेशींचा थकवा’?

शब्दवेल्हाळ : थकवा नको. वाचणाऱ्याला स्वतःचाच वाटेल, आणि या औषधांनी त्यालाही थकवा येतोच. ‘हतबल झालेल्या टी-पेशी’ बघा. विश्रांती घेऊन भागेल असं त्यातून वाटत नाही.

कऱ्हाडची सून : शब्द काय हवे ते घ्या, पण लगाम सुटलेली यंत्रणा आपल्याच अंगावर उठते हे ठळक टाका. माझ्या दिरांना हेच औषध चालू आहे. जुलाब सुरू झाले तेव्हा घरात सगळे म्हणत होते, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल, ताकभात द्या. नर्सबाईंनी फोनवरच ‘आत्ताच्या आत्ता या’ म्हटलं. आतड्याला सूज होती, स्टिरॉइड द्यावं लागलं. पुढे थायरॉइडही मंदावला, त्याची गोळी आता कायमची. ‘दुष्परिणाम संभवतात’ या छापील वाक्याकडे कोणी बघत नाही. ‘जुलाब, धाप, पुरळ, डोळे पिवळे : लगेच फोन करा’ असं लिहा.

पांढरा कोट : ताईंचं वाक्य पहिल्या पानावर घ्या. आणि किडनी बदललेल्या रुग्णांसाठी वेगळी चौकट करा. बसवलेली किडनी टिकावी म्हणून त्यांची प्रतिकारयंत्रणा औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. त्यांच्यात लगाम सोडवला तर ती किडनीच नाकारली जाण्याचा धोका मोठा.

सांगलीकर : ‘रिजेक्शन’साठी ‘नाकारणं’च ना?

तिखटमीठ : हो. डायलिसिसच्या रांगेत बसलेल्या कुणालाही विचारा, ‘शरीरानं किडनी नाकारली’ असंच म्हणतात.