मोडीचा ऑनलाइन वर्ग, पहिल्या दिवशी काय करावं?

बोरूवाला:
नमस्कार मंडळी, पुढच्या शनिवारपासून झूमवर मोडी लिपीचा वर्ग सुरू करतोय, दीड महिना, फक्त शनिवार-रविवार संध्याकाळी ७ ला. समोरासमोर बरेच वर्ग घेतलेत पण ऑनलाइन पहिल्यांदाच. चाळीसेक नावं आलीत, कॉलेजची पोरं, दोन-तीन वकील, रिटायर झालेले काका-काकू आणि एक ताई न्यू जर्सीहून. वर्गात कसं, चहा झाला की लोक आपोआप बोलायला लागतात, इथे नुसते काळे चौकोन. पहिल्या तासाला सगळ्यांची ओळख घेऊ का सरळ यादवकाळापासून इतिहास सुरू करू? आणि आधी मेसेज टाकायचा तर त्यात काय लिहायचं?

तांबडा_पांढरा:
ओळख परेड नको हो. प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी पाऊण तास गेला, आणि माइक हातात आल्यावर एका मिनिटात थांबणारा माणूस मी तरी बघितला नाही. नाव, गाव, मोडी का शिकायचीय एवढं ग्रुपवर आधीच लिहून मागवा आणि तासाला त्यातली दोन-चार वाचून दाखवा, ज्याचं वाचाल तो लगेच कॅमेरा चालू करतो. मग थेट कागद-पेन. आधी आडवी रेघ पानभर ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची हे ऐकून कळत नाही, हाताने केलं की कळतं. प्रत्येकाला स्वतःचं नाव लिहायला लावा, फोटो ग्रुपवर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका, निम्मा वर्ग तिथेच खूश 😄

हेमा_ठाणे:
नाव लिहायचं +१. पण इतिहास अगदीच सोडू नका, दहा मिनिटं पेशवेकालीन आणि आंग्लकालीन कागद शेजारी-शेजारी दाखवा, भाषणापेक्षा ते बरं. अजून एक, तुमच्याकडचे वकील आणि काका लोक घरची जुनी खरेदीखतं घेऊनच येणार बघा. त्यांना सुरुवातीलाच गोड शब्दांत सांगा की शब्दांमध्ये जागा न सोडता घाईत लिहिलेला कागद दीड महिन्यात घडाघडा वाचता येत नाही, आधी स्वच्छ अक्षर. नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून गळती. मेसेजमध्ये हे एक वाक्य टाकाच.

रात्रपाळी:
टेक्निकल बाजू: मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून कॅमेरा तुमच्या हातावर धरा, माउसने मोडी काढत बसू नका प्लीज. शुक्रवारी अर्धा तास लिंक नुसती उघडी ठेवा, काका-काकूंचं म्यूट-अनम्यूट तिथेच होऊन जाईल. मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली खरी पण बऱ्याच फोनवर नुसते चौकोन दिसतात, तेव्हा स्वागताचा मेसेज मोडीत टाइप करायचा मोह झाला तरी हाताने लिहून फोटो टाका. आणि न्यू जर्सीवाल्या ताईंना त्यांची वेळ लिहून द्या, आपले संध्याकाळचे ७ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेआठ.

बोरूवाला:
वा, फोटोची आयडिया मस्त, आजच लिहायला बसतो. हेमाताई, ते खरेदीखताचं वाक्य गोड कसं करायचं तेवढं सांगा, एक काका आत्तापासूनच फोन करतायत, जमिनीचा कागद कधी वाचायला घेणार म्हणून.

हेमा_ठाणे:
त्यांना म्हणा कागदाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि शेवटच्या रविवारी त्यातली पहिली ओळ सगळे मिळून लावू. एकच ओळ हां, पूर्ण कागद कबूल करू नका 🙏