मदत हवी आहे: नऊ वर्षं सुतारकाम केलेल्याला पक्कं प्रमाणपत्र कसं मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझा मामेभाऊ मूळचा लांज्याचा, वय २६. दहावीत गणित राहिलं आणि तो पुण्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली लागला. त्याला आता नऊ वर्षं झाली. दारं, चौकटी, किचन ट्रॉल्या, सागवानी पलंग, सगळं एकट्याने करतो. त्याने बसवलेलं दार कोकणातल्या पावसाळ्यातही अडकत नाही. पण मागच्या वर्षी एका मोठ्या साइटवर ठेकेदाराने त्याला हेल्परच्या दराने हजेरी लावली. कारण काय, तर प्रमाणपत्र नाही.

तेव्हापासून आम्ही रस्ता शोधतोय.

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत ४० तासांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण लाभ कुटुंबात एकालाच. मामाही सुतार, त्याने तो आधीच घेतलाय; भाऊ अविवाहित, म्हणून त्याच कुटुंबात मोजला जातो. मग पूर्वकौशल्य मान्यतेचं, म्हणजे आरपीएलचं प्रमाणपत्र घेतलं. त्या केंद्रात दोन दिवस बसवून पर्यायी उत्तरांचा पेपर घेतला. रंधा, पटाशी, करवत यांपैकी काहीच हातात दिलं नाही. नऊ वर्षांचा हात बघायला कुणाला अर्धा तासही नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. तो कागद दाखवूनही ठेकेदाराने हजेरी बदलली नाही.

राहिला आयटीआयचा सुतार ट्रेड. एक वर्षाचा आहे, आठवी पास चालतं. पण रोजचे ९०० रुपये सोडून वर्षभर दिवसा वर्गात बसणं त्याला शक्य नाही, घरी पैसे पाठवावे लागतात.

शिवाय त्याच्या मनात जर्मनी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हे वेड लागलंय. तिकडे अनुभवाच्या आधारावर जायचं तरी आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. आपला सुतार ट्रेड एक वर्षाचा! तिथली मुलं सुतारकाम तीन वर्षं शिकतात, पण कारखान्यात काम करत आणि भत्ता घेत. आपल्याकडे शिकायचं तर काम सोडा, काम करायचं तर शिक्षण सोडा.

माझे प्रश्न असे. नोकरीचा अनुभव दाखवून खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्टला, म्हणजे आयटीआयच्या शेवटच्या परीक्षेला, इथे कुणी बसलंय का? अनुभवाचा दाखला कुणाचा चालला? त्याच्या मिस्त्रींकडे नोंदणी, जीएसटी काहीच नाही. आयटीआयनंतर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप केली, तर दोन्ही मिळून दोन वर्षं धरली जातात का? जर्मनीच्या प्रक्रियेतून गेलेल्यांनी कृपया सांगा.

आणखी एक. ट्रेड टेस्टचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं. हा सगळा हिशोब इंच-सुतात करतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.१८ मिमी, हे त्याला मी समजावलं, पण छेदचित्र (वस्तू कापली तर आतून कशी दिसेल ते) आणि वरून दिसणारा नकाशा एकत्र वाचताना तो गोंधळतो. पुण्यात संध्याकाळी किंवा रविवारी ड्रॉइंग शिकवणारे कुणी निवृत्त आयटीआय निदेशक माहीत असतील तर नक्की कळवा. कात्रज-धनकवडी भागात असतील तर उत्तमच, तो तिथेच राहतो. फी देऊ.