बांगडा खाऊन अंगावर पित्त उठतं: ॲलर्जी की मासा बिघडलेला? यात मास्ट पेशींचा भाग किती?

देवगड_किनारा
मासेमारीची बंदी उठून बांगडा यायला लागला की आमच्या भागात हे दिसतंच. जेवून तास होत नाही तोवर तोंड लालबुंद, अंगभर गांधी, डोकं ठणकतं, छातीत धडधड. कधी एकाच पंगतीतल्या तिघाचौघांना, कधी एकट्यालाच. दोन्हीकडे केसपेपरवर 'ॲलर्जी' लिहिलं जातं आणि मासे कायमचे बंद होतात. हे दोन्ही एकच का? मास्ट पेशी फुटतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्या इतक्या त्रासाच्या, तर शरीरात आहेत कशाला?

फिजिशियन_रत्नागिरी
एकच नाही. लक्षणं मात्र दोन्हींत बरीचशी हिस्टामिनचीच (खाज, लाली, गांधी आणणारं रसायन), म्हणून गोंधळ होतो. ते हिस्टामिन माशातून आलं की रोग्याच्या स्वतःच्या मास्ट पेशींतून, हे आधी ठरवायला हवं.

मास्ट पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, पण पक्व होतात त्वचेत, श्वासमार्गात, आतड्याच्या अस्तरात, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या लगत. आत हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज यांच्या कणिका ठासून भरलेल्या असतात. ॲलर्जी असलेल्याच्या मास्ट पेशींवर त्या माशाच्या प्रथिनाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं आधीच बसलेली असतात. प्रथिनाने शेजारच्या आयजीई एकमेकींना जोडल्या की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांत कणिका बाहेर पडतात. 'फुटतात' असं म्हणतात खरं, पण पेशी मरत नाही, पुन्हा कणिका भरते. पाठोपाठ ती ल्युकोट्रायीन आणि प्रोस्टाग्लँडिन नव्याने बनवते. ल्युकोट्रायीन श्वासनलिका आवळतं आणि त्यावर सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिनचा (हिस्टामिन अडवणाऱ्या गोळीचा) काही उपयोग नाही. गोळीने खाज थांबली तरी दम का थांबत नाही, त्याचं एक कारण हे.

पंगतीतल्या चौघांना एकदम झालं तर संशय माशावर घ्या. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की मॉर्गनेलासारखे जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. अशा वेळी रोग्याची आयजीई यात नसतेच. घासाला मिरीसारखी चुरचुरीत चव लागली होती का, हे जरूर विचारा. क्षयासाठी आयसोनियाझिड चालू आहे का, हेही. ते औषध हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, मग थोड्या बिघडलेल्या माशानेही मोठा त्रास होतो.

बर्फ_आणि_मासळी
माशाच्या बाजूने सांगतो. तयार झालेलं हिस्टामिन उकळून, तळून, खारवून किंवा गोठवून जात नाही. वासावरही भरवसा नको, मासा ताजा वाटतो तरी आत ते असू शकतं. एकाच क्रेटमधल्या दोन बांगड्यांत फरक पडतो, म्हणून पंगतीत सगळ्यांनाच होईल असंही नाही. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) सुरक्षेची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल, आणि आपल्याकडे बहुतेक दिवस असतंच, तर मासा मेल्यापासून जास्तीत जास्त सहा तासांत बर्फात गेला पाहिजे. जितका लवकर तितका बरा. रापणीचा (किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्याचा) मासा वाळूत पडून राहतो तिथेच घात होतो. किलोला किलो चुरा बर्फ, एक थर माशाचा एक बर्फाचा, आणि खाली वितळलेलं पाणी जायला वाट. कल्ले आणि आतडी लवकर काढली तर जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: जिवाणूंचं एन्झाइम एकदा तयार झालं की जिवाणू मेले तरी ते फ्रिजमध्येही काम करत राहतं. दुपारभर उन्हात राहिलेला बांगडा संध्याकाळी बर्फात घालून सुधारत नाही.

कॅज्युअल्टी_सिंधुदुर्ग
नुसत्या गांधी असतील तर अँटिहिस्टामिन पुरतं, दोन्ही प्रकारांत. आमसुलाचं पाणी लावायचं तर लावा, खाजेपुरतं. पण गांधींसोबत दम, घोगरा आवाज, चक्कर किंवा थांबत नाही अशी उलटी असेल, तर ॲलर्जी की मासा हा वाद नंतर. आधी ॲड्रेनॅलिन.

एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅमचं ॲम्प्युल असतं. मोठ्या माणसाला ०.५ मिलि, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलि. उतार नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. तेच ॲम्प्युल पातळ न करता शिरेत देऊ नका, हृदयाची लय बिघडते. रोग्याला आडवं करून पाय वर, दम असेल तर टेकवून बसवा, पण उठवून चालवत नेऊ नका. रक्तदाब पडलेला असताना अचानक उभं केल्याने मृत्यू झालेले आहेत. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा परिणाम यायला तास लागतात, त्याची वाट बघत बसण्यात वेळ जातो. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं) चालू असलेल्यांत ॲड्रेनॅलिनला दाद कमी मिळते, ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन लागू शकतं.

देवगड_किनारा
एन्झाइमचं नवीन कळलं, आभारी आहे. तपासणीने फरक कळतो का? आणि या पेशी कशाला, ते राहिलंच.

प्रतिकारशास्त्र_शिक्षक
पॉल एर्लिखने त्या १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात वर्णिल्या, पण उपयोग कळायला फार काळ गेला. आतड्यातले जंत बाहेर काढायला त्या मदत करतात. जिवाणू शिरले की टीएनएफ हे संदेश देणारं प्रथिन सोडून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावून घेतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विषाचं काम: २००६ मध्ये उंदरांवर दिसलं की मास्ट पेशी नसलेले उंदीर काही सापांच्या आणि मधमाशीच्या विषाने जास्त दगावतात. या पेशींतलं कार्बॉक्सिपेप्टिडेज हे एन्झाइम विषाचे घटक तोडतं. हे उंदरांतलं आहे. माणसात सर्पदंशाला औषध प्रतिविषच, आणि ते चढवताना ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं, कारण प्रतिविषानेही रिॲक्शन येते आणि बहुतेकदा त्यात आयजीई नसते. व्हॅन्कोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं आणि वेदनाशामक मॉर्फिनही आयजीईशिवाय मास्ट पेशींना उचकवू शकतात.

फिजिशियन_रत्नागिरी
तपासणीचं: रक्तातलं ट्रिप्टेज, मास्ट पेशींच्या कणिकांतलं (आकडे मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमचे). लक्षणं सुरू झाल्यापासून १ ते २ तासांत नमुना घ्या, ४ तासांच्या पुढे नको. दुसरा २४ तास उलटल्यावर, तो त्या माणसाचा मूळ आकडा. पहिला आकडा मुळाच्या १.२ पट अधिक २ इतका किंवा जास्त असेल तर मास्ट पेशी चेतल्या होत्या. मूळ ५ असेल तर ८ पासून पुढे. बिघडलेल्या माशात तो वाढत नाही. मात्र अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीतही पुष्कळदा वाढत नाही, म्हणून नॉर्मल आला तर ॲलर्जी नाही असं लिहू नका. मूळ आकडाच २० च्या वर असेल तर मास्टोसायटोसिससाठी (मास्ट पेशी अति वाढण्याचा आजार) पुढे पाठवा.

स्किन प्रिक टेस्टच्या (त्वचेवर टोचून ॲलर्जी बघण्याच्या) आधी आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद. रक्तातल्या आयजीईला ती अट नाही. माशाचं मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, कोळंबी-कुर्ल्यांचं ट्रोपोमायोसिन, तेव्हा एकाची ॲलर्जी असली म्हणून दुसरं आपोआप बंद करायचं कारण नाही. तोवर केसपेपरवर 'ॲलर्जी' ऐवजी मासा कोणता, खाल्ल्यावर किती मिनिटांनी, पंगतीत आणखी किती जणांना आणि तोच मासा आधी सोसला होता का, एवढं लिहा.