हावभावांच्या अभ्यासासाठी व्हिडिओ: शूट कसं करायचं, नोंदी कशा घ्यायच्या?

प्रश्न: मानवशास्त्रात एमए करतेय. मीटिंगमध्ये लोक बोलायची पाळी एकमेकांना न बोलता कशी देतात, म्हणजे नजर, मान, हात वगैरे, हे डिझर्टेशनसाठी बघायचंय. गाईड म्हणतात कॅमेरा लाव, पण मग लोक अवघडणार ना? आणि तासभराच्या फुटेजमधून सुरुवात कुठून करायची?

उत्तर १: अवघडतात, पण बहुतेक वेळा सुरुवातीलाच. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून बाजूला व्हा. आणि प्लीज झूम करू नका, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर झूम केलं की ऐकणारे फ्रेमबाहेर जातात आणि तुमचा तर विषयच ते आहेत, पुढे बोलणारा तोंड उघडायच्या आधी श्वास घेतो, जरा पुढे सरकतो, हातातलं पेन खाली ठेवतो, हे हुकलं की गेलंच. सोबत वहीत वेळ टाकून नोंदी ठेवा. बेटसन आणि मीड या मानवशास्त्रज्ञांनी १९३६ ते १९३९ बालीत हजारो फोटो आणि बरीच फिल्म घेतली, पण सोबत वेळेनुसार लेखी नोंदीही होत्या म्हणून नंतर त्याचा अर्थ लावता आला.

उत्तर २: नोंदींसाठी ईलॅन (ELAN) हे व्हिडिओवर वेळेनुसार नोंदी करायचं सॉफ्टवेअर वापर, मॅक्स प्लांक संस्थेचं आहे, फुकट मिळतं. नजर, डोकं, हात, बोलणं अशा प्रत्येक माणसाच्या वेगळ्या ओळी करता येतात. अख्खा तास कोड करत, म्हणजे प्रत्येक हालचाल नोंदवत, बसू नकोस, आधी सगळं एकदा बघ, मग पाळी बदलते तेवढेच तुकडे काढ आणि ते आधी आवाज बंद करून बघ, नाहीतर शब्दच डोक्यात बसतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेवढ्यात नजर वळलेली सुद्धा पकडता येते. आणि ‘वैतागला’ असं लिहायचं नाही, ‘भुवया आत, नजर खाली’ लिहायचं, अर्थ नंतर.

उत्तर ३: वरच्याशी सहमत, फक्त कोडिंगवर थांबू नका. कायनेसिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींतून होणाऱ्या संवादाचा अभ्यास, मांडणारा मानवशास्त्रज्ञ बर्डव्हिसल हेच सांगायचा की हालचालीला संदर्भाबाहेर ठरलेला अर्थ नसतो. त्यामुळे क्लिप त्याच लोकांना दाखवा आणि इथे काय चाललंय असं विचारा, मला तरी सगळ्यात कामाचं तिथेच मिळालं. संमती मात्र दोन वेगळ्या घ्या, शूटिंगची एक आणि क्लिप बाहेर दाखवायची दुसरी. चेहरा ब्लर केला तर नजरच जाते, म्हणून थिसिसमध्ये फ्रेमवरून रेषाचित्रं काढून टाका.

प्रश्नकर्ती: रेषाचित्रांचं डोक्यातच आलं नव्हतं! आठ जण गोल बसलेत, तर एका कॅमेऱ्यात भागेल का?

उत्तर १: नाही, कोणाची तरी पाठच येईल. समोरासमोर दोन लावा आणि सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा, दोन्ही व्हिडिओ नंतर जुळवायला सोपं जातं.