मदत हवी आहे: निकेल-डीएमजीचं वजन दरवेळी जास्त का भरतं?

एमएस्सीच्या इनऑरगॅनिक प्रॅक्टिकलला निकेलचं ग्रॅव्हिमेट्रिक एस्टिमेशन (अवक्षेपाच्या वजनावरून प्रमाण काढणं) आहे. निकेलच्या द्रावणात डीएमजी (डायमिथिलग्लायॉक्सिम) घातलं आणि अमोनिया पडला की लालचुटुक अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो, दिसायला एकदम झकास! पण जी-४ क्रुसिबल (सच्छिद्र काचेच्या तळाचं गाळायचं भांडं) ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवून, वजन स्थिर झाल्यावर ०.२०३२ ने (अवक्षेपाच्या वजनातला निकेलचा वाटा) गुणलं की निकेल अपेक्षेपेक्षा जास्तच निघतं. डीएमजी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जादा पडलेलं अवक्षेपातच अडकत असावं असा माझा संशय. मग धुवायला नुसतं गरम पाणी पुरेल की थोडं अल्कोहोल घालावं? अल्कोहोल जास्त झालं तर कॉम्प्लेक्सही (तोच लाल निकेल-डीएमजी) विरघळतो ना? लॅबमधले काका म्हणतात, "आधी अमोनिया थेंबथेंब घाला." जर्नलात सगळं दोन ओळींत उरकलंय. डीएमजी तुम्ही नेमकं किती जादा घेता?