गोळी चालू असूनही जळजळ आणि पोटाचा गच्चपणा जात नाही

मृद्गंध:
आईचं वय ५४. पँटोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारं) आणि डॉम्पेरिडोन (अन्न पुढे सरकवणारं, मळमळीवरचं) अशी एकत्र कॅप्सूल चालू आहे. दिवसाची जळजळ कमी झाली, पण रात्री आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येतं आणि चार घासांत बेंबीच्या वर गच्च होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नाहीत. कॅप्सूल दुपारी जेवून झाल्यावर घेते, सकाळी फक्त चहा-बिस्किट. गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. गोळी बदलून मागावी का?

औषधी_कट्टा:
गोळी राहू दे, आधी वेळ बदला. पँटोप्राझोल रक्तात जेमतेम काही तास टिकतं आणि जठरातले जे आम्लपंप त्या वेळी चालू असतात तेवढेच बंद करतं. पंप चालू होतात जेवणामुळे. म्हणून नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची आणि त्यानंतर पोहे, उपमा, भाकरी असं काहीतरी खरंखुरं पोटात जायला हवं. चहा-बिस्किटाने भागत नाही. "उपाशीपोटी गोळी नको" हा नियम वेदनाशामकांचा, तो इथे उलटा पडतो. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसात निकाल लावू नका. कॅप्सूल फोडून किंवा चावून घेऊ नये. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर डॉक्टर दुसरा डोस रात्रीच्या जेवणाआधी देतात, झोपताना नव्हे.

डॉम्पेरिडोन महिनोन्‌महिने चालवायचं औषध नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सोबत असेल तर. चिठ्ठीवर ते अजून का आहे, हे विचारा.

उशी_नको:
रात्रीसाठी: पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ६ ते ८ इंच उंची द्या. उशांवर उशा रचल्या की फक्त मान आणि कंबर वाकते, पोटावर दाब येतो आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपणं. जेवण आणि झोप यांत तीन तास. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट असलेलं पातळ औषध घेता येतं. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर करतं, म्हणून त्यावर पाणी पिऊ नये. फसफसणाऱ्या सोड्याची रोजची सवय मात्र नको. त्यात सोडियम भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांना तर नकोच. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीही थांबवा, निकोटिनने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते.

मृद्गंध:
मिश्री नाही. लोहाची गोळी चालू आहे, हिमोग्लोबिन ९ आलं होतं. पाळी थांबून बरीच वर्षं झाली. शौचाला काळपट होते, ती गोळीमुळेच ना?

औषधी_कट्टा:
हे आधी सांगायला हवं होतं, आता प्रश्नच बदलला. लोहामुळे शौच हिरवट-काळी होते हे खरं. पण डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी असेल तर ते रक्त, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तशी नसली तरी पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ का, याचं उत्तर मिळालेलं नाही. वर पोटात व्रण करू शकणारं डायक्लोफेनॅक आणि चार घासांत पोट भरणं. डायक्लोफेनॅक आजच थांबवा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल का ते विचारा. एंडोस्कोपी (तोंडावाटे जठराची दुर्बीण तपासणी) पुढे ढकलू नका. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोहाची कमतरता ठरली तर मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणीही सहसा सुचवतात.

जठराग्नी:
एंडोस्कोपीत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात व्रण करणाऱ्या जिवाणूसाठी तुकडा घ्यायला सांगा. पँटोप्राझोल चालू असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. श्वासाच्या आणि शौचाच्या चाचणीचंही तेच. एरवी दोन आठवडे आधी बंद ठेवतात, पण व्रणाची शंका असताना ते स्वतःच्या मनाने करू नका. गोळी चालू होती हे अहवालावर लिहून घ्या. निगेटिव्ह आलं तर पुन्हा तपासता येतं.

सगळं स्वच्छ निघालं आणि नीट वेळेवर गोळी घेऊनही त्रास राहिला, तर २४ तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी. आम्ल खरंच वर येतंय का, की आम्लाशिवायचं पाणी येतंय, की अन्ननलिका नुसतीच हळवी झालीय, हे त्यात कळतं. हळवेपणावर आम्ल कमी करून उपयोग होत नाही. तिथे अमिट्रिप्टिलिनसारखं, एरवी नैराश्यावर देतात ते औषध अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठीत ते दिसलं म्हणून "मनाचा आजार ठरवला" असं समजू नये.

आणि जळजळ जिना चढताना वाढून बसल्यावर थांबत असेल, किंवा सोबत घाम येत असेल, तर आधी ईसीजी.