स्वस्त व्होडकाची परीक्षा कोरी करावी की कॉकटेलमध्ये? मदत हवी आहे

मंडळी,

कॉकटेल बनवायची हौस आहे, म्हणून स्वस्तातली, ४० टक्क्यांची साधी व्होडका आणली. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. मला एका बाटलीवर निकाल नको, पारखायची पद्धत हवी आहे.

आधी कोरी चाखली, न गार करता. ग्लास नाकाशी नेल्यावर पहिला वास थेट नेलपॉलिश रिमूव्हरचा. थोडा वेळ तसाच ठेवला तर तो बराचसा उडाला आणि मागे व्हॅनिलासारखं काहीतरी गोडसर उरलं. जिभेवरही आधी गोड, मग घशात जाळ, शेवटी रेंगाळणारा कडसरपणा. तेवढंच पाणी घालून २० टक्क्यांवर आणली तेव्हा जाळ गेला, पण कडसरपणा उघडा पडला. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेली मात्र दाटसर, गुळगुळीत, वास जवळपास नाहीच. तीच बाटली यावर विश्वास बसेना.

आता कॉकटेल. संत्र्याच्या रसात ती सापडतच नाही. मॉस्को म्यूल (४५ मिली व्होडका, १२० मिली जिंजर बिअर, १० मिली लिंबाचा रस) झकास झालं, आल्याच्या झणक्यात हिचा जाळ खपून गेला. मार्टिनीत (६० मिली व्होडका, १० मिली ड्राय व्हर्मुथ, म्हणजे वनौषधींची कमी गोड वाइन) पहिले घोट छान. ग्लासातला गारवा उतरला आणि तोच कडसरपणा परत आला.

तर गुण कुठले धरायचे? तो गोडवा धान्याचा की वरून घातलेला? आणि लेबलवरच्या 'पाच वेळा डिस्टिल्ड'ला (म्हणजे उकळून, वाफ निववून शुद्ध केलेली) किती किंमत द्यायची? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
फ्रीजर म्हणजे व्होडकाचा मेकअप. थंडीत वास कमी उडतो आणि द्रव दाट होतो, त्यामुळे दोष झाकले जातात. पारखायची तर न गार करता, तुम्ही केलीत तशीच, पाणी घालून.

'पाच वेळा'चं फार मनावर घेऊ नका. सलग चालणाऱ्या उंच कॉलममध्ये (डिस्टिल करायच्या मनोऱ्यात) वाफ एकाच फेरीत कितीतरी वेळा निवते आणि पुन्हा उकळते, त्यामुळे 'वेळा' कशा मोजल्या ते कंपनीलाच ठाऊक. स्पिरिट साधारण ९५-९६ टक्क्यांचं निघतं, मग पाणी घालून ४० वर आणतात. म्हणजे बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच, त्याची चव लागणारच.

गोडव्याचं म्हणाल तर साखर घालायला कायद्याची मुभा आहे. अमेरिकेत लिटरला २ ग्रॅमपर्यंत, युरोपीय संघात ८ ग्रॅमपर्यंत. काचेच्या बशीत थोडी ओतून पूर्ण सुकू द्या. चिकट थर राहिला तर साखर किंवा ग्लिसरीन समजा.

प्रतिसाद २
कॉकटेलमध्येच तपासायची तर संत्र्याचा रस सोडा, त्यात काहीही खपतं. व्होडका आणि साधा सोडा, बास. शिवाय चांगल्या समजल्या जाणाऱ्या बाटलीशी आंधळी तुलना करा: तीन ग्लास, दोनांत एक व्होडका, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तीनांतून एकदा बरोबर येतं, म्हणून क्रम बदलून पुन्हा पुन्हा करा. ओळखता आलं नाही तर महागाचे पैसे वाचले. मी स्वतः म्यूल आणि ब्लडी मेरीसाठी (टोमॅटोच्या रसातलं कॉकटेल) महाग बाटली कधीच फोडत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! बशीत बोटाला लागेल इतका चिकट थर राहिला. म्हणजे व्हॅनिलाचं कौतुक मागे घेतो. ही बाटली म्यूलसाठी, मार्टिनीला दुसरी बघतो. तीन ग्लासांचा प्रयोग करणारच आहे. फक्त एक सांगा, दोन घोटांच्या मध्ये तोंड कशाने साफ करायचं?

प्रतिसाद २
साधं पाणी, गार नको. फारतर कोरड्या पावाचा तुकडा. आणि चूळ भरून थुंका, नाहीतर पुढच्या फेऱ्यांना तिन्ही ग्लास सारखेच लागतील.